उत्क्रांतीची रीत आणि माणसाची कसोटी

बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात १९६४ साली तीन तरुण विद्यार्थ्यांनी एक प्रयोग मांडला. इंगो रेखेनबर्ग, हान्स-पाउल श्वेफेल आणि पेटर बीनर्ट ही त्यांची नावे. प्रयोगाचे साहित्य अगदीच साधे होते. सहा पट्ट्या बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडून केलेला एक पत्रा त्यांनी वातबोगद्यात, म्हणजे पंख्याने जोराचा वारा सोडता येतो अशा मोठ्या नळकांड्यात, बसविला. बिजागऱ्या पाच आणि प्रत्येक बिजागरी ५१ निरनिराळ्या कोनांत बसविता येण्यासारखी. वाऱ्याला कमीत कमी अडथळा व्हावा यासाठी या पत्र्याला कोणता आकार द्यावा, हा प्रश्न होता.

याचे उत्तर कोणीही सांगेल. पत्रा सरळ करून वाऱ्याच्या दिशेने सपाट ठेवावा, की झाले. पण उत्तर ठाऊक होते म्हणूनच हा प्रश्न निवडला होता. ज्या रीतीला वाऱ्यातले, पत्र्यातले वा गणितातले काहीही कळत नाही अशी एखादी आंधळी रीत त्या उत्तरापर्यंत जाऊन पोहोचते की नाही, हे त्यांना पाहावयाचे होते. एकेक मांडणी करून पाहण्याची सोय नव्हती. पाच एक्कावन्नांचा गुणाकार केला म्हणजे ३४,५०,२५,२५१ मांडण्या होतात. मिनिटाला एक या वेगाने रात्रंदिवस मापीत बसले तरी साडेसहाशे वर्षे लागावीत.

तेव्हा त्यांनी असे केले. पत्रा नागमोडी मुडपून सुरुवात केली. मग कोनांत थोडाथोडा बदल करावयाचा, आणि तोही स्वतःच्या अकलेने नव्हे, तर फासे टाकून दैवाचा कौल घ्यावा तसा. बदल केला की वाऱ्याचा अडथळा मोजावयाचा. तो कमी झाला असेल तर नवा आकार कायम करावयाचा, नसेल तर मुकाट्याने जुन्यावर परत यावयाचे. बस्स, एवढीच रीत. काही शेकडा प्रयोगांच्या आत तो वेडावाकडा पत्रा जवळजवळ सपाट झाला.

पुढे श्वेफेल यांनी हीच रीत अशा ठिकाणी लावली की जेथे उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. तप्त पाण्याची अर्धवट वाफ होत असताना ते मिश्रण ज्या तोटीतून वेगाने बाहेर पडते, त्या तोटीचा आतला आकार कसा असावा, हा तो प्रश्न. पाणी आणि वाफ एकत्र वाहू लागली की तेथील गणित फार बिकट होते. त्यांनी निरनिराळ्या भोकांची कडी तयार करून घेतली आणि ती एकापुढे एक रचून तोटी बनविली. कडी बदलावयाची, जोर मोजावयाचा, बरी निघेल ती तोटी ठेवावयाची. आरंभीच्या तोटीची कार्यक्षमता शेकडा ५५ च्या आसपास होती, ती शेवटी जवळजवळ ८० पर्यंत चढली. आणि आकार निघाला तो कसा? मध्येच फुगलेला, मध्येच आवळलेला, जणू एकावर एक ठेवलेले गडू. कोणा अभियंत्याने असा आकार कागदावर काढून आणला असता तर वरिष्ठांनी त्यास घरी जाऊन विश्रांती घेण्यास सांगितले असते.

आता या रीतीचे मूळ कोठे आहे हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. ज्वारीच्या खळ्यावर चांगली भरलेली टपोरी कणसे निवडून ती बियाण्यासाठी वेगळी काढून ठेवण्याची चाल आपल्या शेतकऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. चार्ल्स डार्विननेही १८५९ च्या आपल्या ग्रंथाचा आरंभ रानातल्या प्राण्यांपासून केलेला नाही. माणसाने निवडून निवडून जोपासलेली पाळीव कबुतरे आणि पिके हाच त्याचा पहिला विषय आहे. आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या खेड्याचे दादाजी खोब्रागडे. १९८३ साली भाताच्या शेतात काही लोंब्या त्यांना इतरांहून वेगळ्या दिसल्या. त्या वेगळ्या काढून त्यांनी वर्षानुवर्षे जोपासल्या आणि त्यांतून ‘एचएमटी’ ही बारीक तांदळाची जात निघाली. तिला नाव मिळाले ते त्या वेळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळाचे! लोंब्या वेगळ्या का झाल्या हे जाणण्याची दादाजींना गरज नव्हती. कोणत्या ठेवावयाच्या हे मात्र त्यांना पक्के कळत होते. या लेखात पुढे जे यावयाचे आहे त्याची मेख येथेच आहे. बदल कसाही होवो, निवड करणाऱ्याचा डोळा काय पाहतो यावर पीक ठरते.

संशोधनात या सर्व प्रकाराला ‘जेनेटिक अल्गोरिदम’ किंवा व्यापक अर्थाने ‘इव्होल्यूशनरी अल्गोरिदम’ म्हणतात. नावाला भिण्याचे कारण नाही. शाळेच्या अंकगणितात उदाहरणाखाली ‘रीत’ असे लिहून आपण जे करीत होतो तोच अल्गोरिदम. नवव्या शतकात बगदादेस अल्‌-ख्वारिझ्मी नावाचा गणिती होऊन गेला. भारतीय अंकपद्धतीवर त्याने ग्रंथ लिहिला होता आणि त्याच्या नावाचाच अपभ्रंश होऊन हा शब्द युरोपात रूढ झाला. तेव्हा आपण सरळ ‘उत्क्रांतीची रीत’ म्हणू.

बर्लिनच्या मंडळींची रीत एका पत्र्यापासून दुसरा पत्रा अशी, एकाच पालकाची होती. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन हॉलंड यांनी त्यात दोन पालक आणले. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९७५ साली प्रसिद्ध झाला आणि तो आजही पायाभूत समजतात. दोन पालकांनी काय साधते, हे आपल्यासारख्या संस्थेच्या सभासदांना परिचयाच्या उदाहरणावरून पाहू.

समजा, पूरग्रस्तांसाठी एक ट्रक पाठवावयाचा आहे. ट्रकमध्ये नऊ टनच माल मावतो. देणगीदारांकडून साठ प्रकारचे गठ्ठे आले आहेत: तांदूळ, डाळ, ताडपत्र्या, घोंगड्या, दुधाची भुकटी, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, कंदील, भांडी इत्यादी. प्रत्येक गठ्ठ्याचे वजन ठाऊक आहे आणि प्रत्येकाला उपयुक्ततेचे काही गुण आपण दिले आहेत. कोणते गठ्ठे घ्यावेत? वीसच गठ्ठे असते तर घेणे-न घेणे यांचे १०,४८,५७६ प्रकार झाले असते आणि गणकयंत्राने ते क्षणात तपासले असते. पण साठ म्हटले की प्रकारांची संख्या ११५ वर सोळा शून्ये इतकी होते. सेकंदास दहा लाख याद्या तपासणारे यंत्र घेतले तरी साडेछत्तीस हजार वर्षे! पूर तोवर थांबत नाही.

उत्क्रांतीची रीत येथे असे करते. साठ गठ्ठ्यांची यादी म्हणजे साठ घरांची एक माळ. गठ्ठा घेतला तर त्या घरात १, न घेतला तर ०. अशा शंभर माळा प्रथम कशाही, डोळे मिटून, तयार करावयाच्या. प्रत्येकीचे गुण मोजावयाचे आणि वजन जास्त झाले असेल तर गुण कापावयाचे. मग ज्यांचे गुण अधिक त्यांना पालक होण्याची संधी अधिक, या न्यायाने दोन दोन माळा निवडावयाच्या. दोन्ही एकाच ठिकाणी तोडून एकीचा पुढचा भाग दुसरीच्या मागच्या भागास जोडावयाचा. एका यादीने धान्य नेमके निवडले असेल आणि दुसरीने औषधे, तर त्यांच्या एखाद्या अपत्यात दोन्ही गुण उतरतात. क्वचित एखाद्या घरातला १ पुसून ० करावयाचा किंवा ० चा १, म्हणजे माळेत नवे रक्त येते. अशी शंभर अपत्ये झाली की जुनी पिढी बाजूस सारून पुन्हा गुण, पुन्हा निवड, पुन्हा जोड. शेकडो पिढ्या यंत्र अल्पावधीत उलटते आणि याद्या सुधारत जातात. (गणिताचे जाणकार म्हणतील की इतक्या सरळ उदाहरणास याहून बिनचूक रीती आहेत. ते खरे आहे. पण दोन गठ्ठे एकत्र असले तरच उपयोगी, एक असला की दुसरा नको, अमुक माल वाटेत उतरवावयाचा, अशी गुंतागुंत वाढत गेली की त्या बिनचूक रीती धापा टाकू लागतात.)

कोणी विचारील, कमी गुणांच्या माळांना तरी संधी का द्यावी? फक्त सर्वोत्तम तेवढ्याच का ठेवू नयेत? याचे उत्तर धुक्यात डोंगर चढणाऱ्यास ठाऊक असते. सह्याद्रीत दाट धुके पडले आहे आणि सर्वांत उंच जागी जावयाचे आहे. जेथे चढ लागेल तेथे पाऊल टाकावयाचे असा नियम केला, तर मनुष्य जवळच्या एखाद्या टेकाडाच्या माथ्यावर जाऊन उभा राहतो. तेथून चोहीकडे उतारच लागतो, म्हणून तो समजतो की आपण कळसूबाईवर आलो. खरे शिखर पलीकडे असते आणि तेथे जाण्यास आधी खाली उतरावे लागते. शंभर माणसे निरनिराळ्या ठिकाणी सोडली आणि त्यांतल्या मागे पडलेल्यांनाही थोडी मुभा दिली, तर कोणीतरी योग्य डोंगराच्या पायथ्याशी पोहोचण्याचा संभव वाढतो. खात्री मात्र नाही. ही रीत चांगले उत्तर देते. तेच सर्वांत चांगले असल्याचा दाखला ती देत नाही, आणि ज्याला असा दाखला हवा असेल त्याने या वाटेस जाऊ नये.

संशोधनात आणि उद्योगात ही रीत कोठे कोठे गेली याची यादी फार लांब होईल. हॉलंड यांचे शिष्य डेव्हिड गोल्डबर्ग यांनी १९८३ साली आपल्या प्रबंधात ती वायुवाहक नळांच्या व्यवस्थेला लावून दाखविली. जपानात २००७ साली सुरू झालेल्या ‘एन-७००’ या शिंकान्सेन गाडीचे १०.७ मीटर लांबीचे विचित्र नाक याच रीतीच्या साहाय्याने ठरविले. वेगवान गाडी अरुंद बोगद्यात शिरली की पुढची हवा दाबली जाते आणि दुसऱ्या तोंडाशी तोफेसारखा आवाज होतो. तो आवाज आवरावयाचा, पण नाक लांबवीत नेऊन प्रवाशांच्या जागा कमी करावयाच्या नाहीत, अशी ती अडचण होती.

परंतु मला स्वतःला सर्वांत मनोवेधक वाटते ती अमेरिकेच्या ‘नासा’ची एक चिमुकली आकाशतार, म्हणजे अँटेना. प्रत्येकी सुमारे २५ किलो वजनाचे तीन उपग्रह ‘एसटी-५’ या नावाने २२ मार्च २००६ रोजी अवकाशात सोडण्यात आले. पृथ्वीशी संदेशांची देवघेव करण्यासाठी त्यांवर अतिशय लहान अँटेना हवी होती. अशा कामासाठी अनुभवी अभियंते मळसूत्री वेटोळ्याची ठराविक रचना करतात. नासाच्या एम्स केंद्रातील जेसन लोन, ग्रेगरी हॉर्नबी आणि त्यांचे सहकारी यांनी वेटोळ्याचा विचारच सोडून दिला. ‘तार इतकी पुढे ने’, ‘इतक्या अंशात वळव’, ‘येथे फाटा फोड’ अशा आज्ञांची माळ त्यांनी यंत्राला दिली आणि आज्ञांच्या माळांचीच पैदास केली. प्रत्येक माळेतून निघणारी अँटेना गणिताने पारखली जाई.

पिढ्यांमागून पिढ्या गेल्यावर जे निघाले ते पाहून हसू यावे. कार्यालयात कंटाळलेल्या कारकुनाने कागद टाचण्याची तार बोटांनी वाकडीतिकडी करून टेबलावर टाकावी, अगदी तशी ती दिसते. तीत डावीउजवी बाजू सारखी नाही की कोठे प्रमाणबद्धता नाही. पण चाचणीत नेहमीच्या दोन वेटोळ्यांची कार्यक्षमता शेकडा ३८ भरली, तर या दोन वाकड्या तारांची ९३.

कथा एवढ्यावर संपत नाही. अँटेना तयार झाल्यावर उपग्रहांची नियोजित कक्षाच बदलली. नव्या कक्षेत संदेश वेगळ्या दिशांना जावयास हवा होता, म्हणून जुनी तार कुचकामी ठरली. माणसांनी हाताने आखलेली रचना असती तर बहुतेक काम पहिल्यापासून करावे लागले असते. येथे कसोटी तेवढी बदलली, आज्ञांत किरकोळ फेरफार केला आणि यंत्र पुन्हा चालू केले. थोड्याच आठवड्यांत दुसरी, निराळ्या वळणाची तार हाती आली आणि तीच आकाशात गेली. उत्क्रांतीच्या रीतीने घडविलेली वस्तू अवकाशात जाण्याची ती पहिलीच वेळ.

आता दुसरी बाजू. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्पसन यांनी १९९६ साली एका इलेक्ट्रॉनिक चकतीवर प्रयोग केला. या प्रकारच्या चकतीतील जोडण्या हव्या तशा बदलता येतात. तिच्या कोपऱ्यातील शंभर घरे त्यांनी वापरावयास दिली आणि काम सांगितले ते असे: सेकंदास एक हजार कंपनांचा सूर आणि दहा हजार कंपनांचा सूर, या दोहोंतला फरक ओळखावयाचा. वेळ मोजणारे घड्याळ मात्र चकतीला दिले नव्हते, आणि घड्याळावाचून हे काम कसे करावे हा अभियंत्यास पेच पडावा. पन्नास पन्नास रचनांच्या सुमारे पाच हजार पिढ्या झाल्या आणि चकती दोन्ही सूर बिनचूक ओळखू लागली.

कशी ओळखते हे पाहण्यासाठी थॉम्पसन यांनी जोडण्या उकलून पाहिल्या तेव्हा ते चक्रावले. काही घरे मुख्य मंडलाशी कोठेही जोडलेली नव्हती, पण ती बंद केली की चकतीचे काम बिघडे! शेजारच्या घरांवर त्यांचा काही अदृश्य परिणाम होत होता आणि उत्क्रांतीने तो बेमालूम वापरून घेतला होता. हीच रचना त्याच चकतीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेली तर तिचे काम खालावले. खोलीच्या तापमानात प्रयोगाच्या वेळी जेवढा चढउतार झाला होता त्यापलीकडे गेले तरी ती चुके. याचे आश्चर्य कशाला? तापमान बदलले तरी चालले पाहिजे, असे तिला कोणी सांगितलेच नव्हते. जे मोजले तेवढे तिने दिले, त्याहून रतिभरही अधिक नाही.

याच्या दोन वर्षे आधी, १९९४ साली, कार्ल सिम्स यांनी गणकयंत्राच्या पडद्यावर ठोकळ्यांचे कृत्रिम जीव उत्क्रांत केले. पोहणारे, चालणारे, उड्या मारणारे. चालण्याची कसोटी म्हणून अमुक वेळात जीव किती अंतर कापतो ते मोजावयाचे ठरले. तेव्हा एक धोका असा दिसला की पाय हलविण्याच्या भानगडीत न पडता जीवाने ताडासारखे उंच व्हावे आणि सरळ आडवे पडावे! पडले की अंतर कापले, अंतर कापले की गुण मिळाले. म्हणून सिम्स यांनी प्रत्येक जीवाला आधी पडू देण्याची आणि तो स्थिर झाल्यावरच मोजणी सुरू करण्याची व्यवस्था केली. परीक्षेपुरता अभ्यास करणारी मुले आपल्या घराघरांत आहेत. त्यांच्यात आणि या ठोकळ्यांत मला तरी फारसे अंतर दिसत नाही, आणि दोष केवळ मुलांचा आहे असेही वाटत नाही.

आपल्या ट्रककडे परत येऊ. गठ्ठ्यांना उपयुक्ततेचे गुण द्यावयास बसलेल्या चिटणीसाने सोय म्हणून बाजारभावच गुण म्हणून लिहिले, तर काय होईल? यंत्र इमानेइतबारे महागड्या वस्तूंची यादी काढील. घोंगड्या जातील, आणि चार आण्यांच्या मोलाच्या पण जीव वाचविणाऱ्या पाण्याच्या गोळ्या मागे राहतील. यादी पाहून कोणी म्हणेल की यंत्राने चूक केली. यंत्राने चूक केलेली नाही.

बरे, एकच कसोटी असते असेही नाही. उपयुक्तता हवी आणि खर्चही कमी हवा. या दोन्ही एका दमात साधत नाहीत. एक वाढवावी तर दुसरी बिघडते. या पेचावर जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या रीतींपैकी एक आपल्या देशात, कानपूरच्या आयआयटीत निर्माण झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. प्राध्यापक कल्याणमय देब हे मूळचे त्रिपुरेचे. वर ज्यांचा उल्लेख आला त्या गोल्डबर्ग यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. १९९४ साली एन. श्रीनिवास यांच्यासह त्यांनी पहिली रीत मांडली आणि २००२ साली अमृत प्रताप, समीर अगरवाल व टी. मेयरिवन या सहकाऱ्यांसह तिची सुधारलेली आवृत्ती ‘एनएसजीए-२’ या नावाने प्रसिद्ध केली. देब यांना २००५ सालचे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. पुढे ते मिशिगन राज्य विद्यापीठात गेले. त्या निबंधाचा आधार हजारो संशोधकांनी घेतला आहे. पुलांच्या रचनेपासून पाण्याच्या धरणांतील विसर्गापर्यंत कोठेही तो भेटतो.

रीतीचे मर्म असे. दोन याद्या घ्याव्यात. पहिली दुसरीपेक्षा स्वस्तही असेल आणि उपयोगीही असेल, तर दुसरीचा विचार करण्याचे कारण उरत नाही, तिला मागे टाकावी. पण एक स्वस्त आणि दुसरी अधिक उपयोगी असेल तर दोघींनाही मान द्यावा, कोणालाही काढू नये. या निवाड्याने पिढ्या पुढे नेत गेले म्हणजे शेवटी एकच विजयी यादी उरत नाही. उरते ती याद्यांची एक रांग. एका टोकाला अगदी स्वस्त, दुसऱ्या टोकाला अगदी उपयोगी, आणि मध्ये तडजोडीच्या पायऱ्या. या याद्या एकाच कोपऱ्यात गर्दी न करता रांगभर पसरलेल्या राहाव्यात याचीही काळजी देब यांच्या रीतीत घेतली आहे, आणि तिचे यश बरेचसे या बारकाव्यात आहे.

अलीकडे या क्षेत्रात एक खूळही शिरले आहे. मुंग्यांच्या वाटेवरून एक रीत निघाली आणि ती उत्तम होती. मग मधमाश्या आल्या, लांडगे आले, देवमासे आले. दर नव्या प्राण्यामागे नवे नाव आणि नवा निबंध. सामान उघडून पाहावे तो आत बहुधा जुनेच, बदल, मोजणी आणि निवड. जाणकारांनी यावर कडक टीका केली आहे आणि ती योग्य आहे.

असो. तर ट्रकसाठी यंत्राने समितीपुढे पंधरा याद्या ठेवल्या आहेत असे समजा. पंधराही आपापल्या जागी निर्दोष. सातव्या यादीत ताडपत्र्या अधिक आहेत, आठवीत दुधाची भुकटी अधिक आहे, खर्चात फरक थोडासा. नदीकाठच्या त्या गावात छपरे उडाली आहेत की तान्ही मुले पुष्कळ आहेत, हे माळेतल्या साठ घरांत कोठेच लिहिलेले नसते. त्यासाठी कोणीतरी उठून त्या गावी दूरध्वनी करावा लागतो.